नाव आणि नावाचा धनी : लुई शेव्हरोले

जुन्या वाचनालयांमधील लाकडी कपाटांवर पुष्कळदा देणगीदारांच्या नावाच्या लहान पितळी पाट्या आढळतात. वर्षानुवर्षे आपण त्या कपाटांतून ग्रंथ काढतो, परत ठेवतो. ते नाव डोळ्यांच्या इतके सवयीचे होते की ते वाचण्याचेही आपण सोडून देतो. हा गृहस्थ कोण, कुठला, त्याने आयुष्यात काय सोसले, याची चौकशी करण्याचे कुणाच्या मनात येत नाही. नाव टिकते आणि नावाचा धनी विस्मृतीत जातो. वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी एखाद्या व्यक्तीचे चरित्र लिहावे, अशी सूचना आली तेव्हा या पाट्यांच्या निमित्ताने मला असाच एक नावाचा धनी आठवला. त्याच्या नावाची पाटी कोट्यवधी मोटारींवर लागली, ती मिरवीत त्या जगभर धावल्या; परंतु त्या पाटीवर त्याचा हक्क जेमतेम दोन वर्षे राहिला.

लुई शेव्हरोले हा तो गृहस्थ. आपल्याकडे जुन्या पिढीतील माणसे या गाडीला सरसकट ‘शेवरलेट’ म्हणत. अमेरिकन मोटार म्हणून ती ओळखली जाई, आणि ते बरोबरही होते. मात्र हे नाव मुळात अमेरिकन नाही. ते फ्रेंच भाषेतील असून एका स्विस घड्याळजीच्या घरातून आलेले आहे, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

स्वित्झर्लंडच्या पश्चिमेस, फ्रान्सच्या सीमेला लागून ज्यूराच्या डोंगररांगा आहेत. तेथे सुमारे एक हजार मीटर उंचीवर ला शो-द-फाँ नावाचे गाव वसलेले आहे. थंडी कडाक्याची, शेती बेताची. परंतु घड्याळांच्या कारागिरीसाठी या गावाची कीर्ती फार मोठी. १७९४ च्या आगीत गावाचा बराच भाग जळून गेला आणि पुढे ते सरळ, समांतर रस्ते आखून नव्याने वसविण्यात आले. चंडीगढ शहराची रचना करणारा विख्यात वास्तुशिल्पकार ल कॉर्बुझिए याचा जन्म १८८७ मध्ये याच गावी झाला. त्याच्या सुमारे नऊ वर्षे आधी, २५ डिसेंबर १८७८ रोजी, ऐन नाताळाच्या दिवशी लुई-जोसेफ शेव्हरोले याचा जन्म येथे झाला. वडील जोसेफ-फेलिसियाँ हे घड्याळे बनविणारे कारागीर होते. एक केसभर चूक झाली तरी सारे यंत्र अडते, हा धडा घड्याळजीच्या घरातील मुलाला निराळा शिकवावा लागत नाही. लुईच्या हाताला जी सूक्ष्म जाण होती, तिचे मूळ या घरात शोधावे लागते.

परंतु कारागिरी असली म्हणजे घरात सुबत्ता असतेच असे नाही. लुई आठ-नऊ वर्षांचा असताना हे कुटुंब गाव सोडून फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतातील बोन या गावी जाऊन राहिले. बोन म्हणजे द्राक्षमळ्यांचा आणि मद्याच्या तळघरांचा मुलूख. शाळेत लुईचे शिक्षण फारसे झाले नाही. घरच्या ओढग्रस्तीमुळे त्याने लहान वयातच हाताला काम शोधले आणि रोब्लाँ नावाच्या कारागिराच्या दुकानात तो सायकली दुरुस्त करू लागला. सायकल हे त्या काळचे नवे वेड होते. लुई अंगापिंडाने दणकट. सायकल दुरुस्त करता करता तो ती शर्यतीतही पळवू लागला आणि परिसरातील अनेक शर्यती त्याने जिंकल्या. मद्य एका पिंपातून दुसऱ्या पिंपात ओतण्यासाठी त्याने एक पंप तयार केला होता, असेही सांगतात. वाहन दुरुस्त करायचे, ते सुधारायचे आणि मग स्वतःच त्यावर बसून त्याची कसोटी पाहायची, ही जी त्याची जन्मभराची रीत, तिची सुरुवात बोनच्या त्या दुकानात झाली.

याच काळातील एक आख्यायिका त्याच्या चरित्रांतून येते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट या धनाढ्य घराण्यातील एक गृहस्थ बोनला आले असता त्यांची वाफेवर चालणारी तीनचाकी बंद पडली. लुईने ती दुरुस्त करून दिली आणि त्यांनी त्याला अमेरिकेची वाट दाखविली. ही कथा खरी की रचलेली, हे बाजूला ठेवले तरी त्या काळात एका तरुण फ्रेंचभाषक मेकॅनिकला अमेरिका का खुणावत होती हे समजणे कठीण नाही. १९०० च्या सुमारास मोटारीच्या विद्येत फ्रान्स साऱ्या जगाच्या पुढे होता. गॅरेज, शोफर, चासी हे शब्द आज आपण मराठीतही वापरतो. ते सारे मूळचे फ्रेंच आहेत, यातच त्या आघाडीची साक्ष मिळते. अमेरिकेत गाड्या येऊ लागल्या होत्या, पण त्या जाणणारे हात तेथे थोडे होते. ज्याला ती विद्या येत होती त्याला समुद्रापलीकडे मागणी होती.

प्रथम पॅरिसमध्ये काही काळ काम करून लुई १९०० मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे गेला. तेथे फ्रेंच बोलली जात असल्याने भाषेची अडचण नव्हती. थोड्याच काळात तो न्यूयॉर्कला आला. आधी एका स्विस देशबांधवाच्या कारखान्यात आणि नंतर द दियों-बूताँ या फ्रेंच कंपनीच्या ब्रुकलिन येथील शाखेत त्याने काम केले. स्थलांतरिताच्या आयुष्यातील हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. नव्या मुलखात पहिला आधार आपल्या भाषेच्या, आपल्या गावाकडच्या माणसाचा घ्यायचा आणि पाय रोवले की मग मोकळ्या मैदानात उतरायचे. शेकडो मैलांवर येऊन वसलेल्या आपल्या मराठी घराण्यांनीही हेच केले. लुईने पुढे आपल्या धाकट्या भावांना, आर्थर आणि गॅस्टन यांना, आपल्याजवळ आणले. आर्थर त्याच्याहून सुमारे पाच वर्षांनी लहान, तर गॅस्टन १८९२ साली जन्मलेला, म्हणजे जवळजवळ चौदा वर्षांनी धाकटा. गॅस्टनच्या बाबतीत लुई थोरल्या भावापेक्षा पित्याच्याच जागी होता.

१९०५ हे वर्ष लुईच्या आयुष्यात उजाडले ते भाग्य घेऊन. फियाट कंपनीच्या गाडीवर शर्यतीचा चालक म्हणून त्याची नेमणूक झाली आणि मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मॉरिस पार्क येथील धावपट्टीवर त्याने ५२.८ सेकंदांत एक मैल अंतर कापून विक्रम केला. हा वेग ताशी अडुसष्ट मैलांहून थोडा अधिक भरतो. आजच्या रस्त्यावर कुणी त्याकडे वळूनही पाहणार नाही. परंतु मातीचा मार्ग, लाकडी आऱ्यांची चाके, उघडी बैठक आणि केवळ मागच्या चाकांना असलेले ब्रेक अशा स्थितीत वळणावळणाच्या पट्टीवर तो वेग गाठणे म्हणजे जिवाशी खेळ होता. बार्नी ओल्डफील्ड हा त्या वेळी अमेरिकेतील सर्वांत गाजलेला चालक. त्यालाही लुईने त्या वर्षी मागे टाकले. वृत्तपत्रांतून या नवागताचे नाव झळकू लागले. त्याच वर्षी सुझान त्रेव्हू या तरुणीशी त्याचा विवाह झाला. पुढे त्यांना चार्ल्स आणि आल्फ्रेड असे दोन पुत्र झाले.

त्या काळच्या शर्यतींचे स्वरूप येथे थोडे सांगितले पाहिजे. गाडीत चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसत असे. हाताने पंप मारून इंजिनला तेल पोचविणे, टायरांवर नजर ठेवणे, मागून कोण येत आहे हे चालकाला खुणेने सांगणे ही त्याची कामे. डोक्यावर चामड्याची किंवा कापडी टोपी, डोळ्यांवर चष्मा, यापलीकडे संरक्षण असे काही नव्हते. गाडी उलटली की दोघेही बाहेर फेकले जात. १९१० च्या व्हँडरबिल्ट चषकाच्या शर्यतीत लुईच्या गाडीला भीषण अपघात झाला आणि त्याचा सोबती मेकॅनिक प्राणास मुकला. लुई स्वतः अनेकदा जखमी होऊन महिनोन् महिने अंथरुणाला खिळला होता. तरी बरा झाला की तो पुन्हा चाकाशी जाऊन बसे. या वृत्तीला धाडस म्हणावे की हट्ट, हे ज्याने त्याने ठरवावे.

या सुमारास त्याच्या आयुष्यात विल्यम ड्युरंट यांचा प्रवेश झाला. मिशिगन राज्यातील फ्लिंट गावी घोडागाड्यांचा कारखाना चालवून श्रीमंत झालेले हे गृहस्थ विलक्षण कल्पक आणि साहसी होते. ब्यूइक ही मोटार कंपनी त्यांनी नावारूपास आणली आणि १९०८ मध्ये अनेक कंपन्या एकत्र करून जनरल मोटर्स या संस्थेची स्थापना केली. शर्यत जिंकली की गाडी विकली जाते, हे व्यापाराचे मर्म त्यांना ठाऊक असल्याने त्यांनी ब्यूइकचा शर्यतीचा चमू उभा केला आणि त्यात लुई व आर्थर या दोघांना घेतले. असे सांगतात की, ड्युरंट यांनी आपला खासगी चालक निवडण्यासाठी या दोघा भावांचीच शर्यत लावली. लुई पुढे आला. पण नोकरी मात्र सावधपणे चालविणाऱ्या आर्थरला मिळाली. गोष्ट गमतीची आहे, पण ड्युरंट यांचा व्यवहारी स्वभाव तिच्यातून नेमका दिसतो. १९ जून १९०९ रोजी इंडियाना राज्यातील क्राउन पॉइंट येथे झालेली कोब चषकाची सुमारे चारशे मैलांची शर्यत लुईने ब्यूइकवर जिंकली. पूर्ण दिवस चाललेल्या त्या झुंजीत त्याचा विजय अगदी थोड्या फरकाचा होता.

१९१० मध्ये कर्जाच्या ओझ्यामुळे जनरल मोटर्सची सूत्रे ड्युरंट यांच्या हातून सावकारी पेढ्यांकडे गेली. ते स्वस्थ बसणारे नव्हते. नवी कंपनी काढून पुन्हा वर यायचे, असा त्यांनी निश्चय केला. त्यासाठी त्यांना गाडी हवी होती आणि गाडीसाठी लोकांच्या जिभेवर रुळलेले नाव. लुईजवळ दोन्ही होते. आपल्या कल्पनेतील एक उत्तम गाडी तयार करावी, ही त्याची आकांक्षा होती आणि शर्यतींमुळे त्याचे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले होते. डेट्रॉइट शहरातील कार्यशाळेत एत्येन प्लांश या फ्रेंचभाषक अभियंत्याच्या साहाय्याने लुईने आराखडे केले. ३ नोव्हेंबर १९११ रोजी शेव्हरोले मोटार कंपनीची स्थापना झाली. घड्याळजीचा मुलगा, सायकली दुरुस्त करणारा कामगार, अकरा वर्षांपूर्वी परक्या खंडात उतरलेला परदेशी, त्याच्या नावाने आता एक मोटार कंपनी उभी राहिली होती.

जी गाडी तयार झाली तिचे नाव ‘क्लासिक सिक्स’. सहा सिलिंडरांचे, सुमारे ४.९ लिटर क्षमतेचे इंजिन, चाळीस अश्वशक्ती, पाच माणसांची ऐसपैस बैठक आणि ताशी पासष्ट मैलांपर्यंत वेग, अशी तिची योग्यता होती. आपल्या नावाला शोभेल अशीच गाडी लुईने बनविली होती. परंतु तिची किंमत होती २१५० डॉलर. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी गाडी त्या वेळी सहाशे डॉलरांच्या आसपास मिळत होती आणि ती दिवसेंदिवस स्वस्त होत चालली होती. १९१३ मध्ये तर फोर्ड यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची पद्धत सुरू झाली. हे सारे ड्युरंट यांना स्पष्ट दिसत होते. सामान्य माणसाला परवडेल अशी लहान, स्वस्त गाडी काढावी आणि तिला शेव्हरोले हे नाव द्यावे, असा त्यांचा आग्रह सुरू झाला. लुईला ते मान्य होईना. आपल्या नावाने हलकी गाडी विकली जावी, ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती.

दोघांच्या वादाची एक कथा प्रसिद्ध आहे. लुईच्या ओठांना सदैव सिगारेट चिकटलेली असे. कंपनीच्या प्रतिष्ठेला शोभावे म्हणून त्याने सिगार ओढावा, असे ड्युरंट यांनी सुचविले आणि त्यावरून लुई भडकला. गाडी विकली, नाव विकले, तरी स्वतःला विकणार नाही, अशा आशयाचे काही तो बोलून गेला म्हणतात. सिगारेट हे निमित्त. दोन माणसांच्या जीवनदृष्टीतील अंतर मिटण्यासारखे नव्हते. एकाला गाडी ही विक्रीची वस्तू दिसत होती, दुसऱ्याला ती स्वतःची निर्मिती वाटत होती. न्यायाने पाहू गेल्यास दोघांपैकी कुणालाच सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही. स्वस्त गाडीनेच पुढे लक्षावधी कुटुंबांच्या दारात मोटार आणली, हे नाकारून कसे चालेल?

१९१३ च्या अखेरीस लुईने कंपनी सोडली आणि आपले भागही विकून टाकले. जाताना तो एक गोष्ट मागे ठेवून गेला. ती म्हणजे त्याचे नाव. मोटारीला शेव्हरोले हे नाव देण्याचा अधिकार कंपनीचा झाला होता. पुढचा इतिहास त्याच्या दृष्टीने फार क्रूर आहे. १९१५ मध्ये कंपनीने काढलेल्या स्वस्त गाडीला तिच्या किमतीवरूनच ‘फोर-नाइन्टी’, म्हणजे ४९० डॉलरची गाडी, असे नाव मिळाले. ती इतकी खपली की शेव्हरोले कंपनीच्या भागांच्या बदल्यात जनरल मोटर्सचे भाग घेत घेत ड्युरंट यांनी १९१६ मध्ये आपली जुनी संस्था पुन्हा ताब्यात आणली. १९१८ मध्ये शेव्हरोले ही जनरल मोटर्सची एक शाखा झाली. १९२७ साली तर विक्रीत तिने फोर्डलाही मागे टाकले. लुईने आपले भाग जवळ ठेवले असते तर तो अमेरिकेतील धनिकांमध्ये गणला गेला असता.

परंतु त्याला ओढ होती ती शर्यतीच्या गाडीची. १९१४ मध्ये भावांच्या साह्याने त्याने नवी कंपनी काढली. स्वतःचे नाव वापरता येत नव्हते; म्हणून सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेतील फ्रेंच वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या फ्रॉन्टनॅक या गव्हर्नराचे नाव त्याने गाडीला दिले. या गाड्यांच्या इंजिनात त्याने ॲल्युमिनियमचा सढळ वापर केला. वजन कमी झाले की तितक्याच शक्तीत गाडी अधिक पळते, हा साधा हिशेब त्यामागे होता. पैशाची चणचण मात्र पाठ सोडीत नव्हती. त्यामुळे मधूनमधून इतर कंपन्यांसाठी आराखडे करून देणे त्याला भाग पडे.

इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांची शर्यत ही अमेरिकेतील सर्वांत मोठी शर्यत. अडीच मैलांची धावपट्टी, तिला दोनशे फेऱ्या. १९०९ मध्ये या पट्टीवर लक्षावधी विटा बसविण्यात आल्या, तेव्हापासून तिला ‘विटांचे मैदान’ असेच म्हणत. १९१३ पासून १९१९ पर्यंत या शर्यतीत प्रत्येक वेळी युरोपात बनलेली गाडी पहिली आली होती. पहिल्या महायुद्धामुळे १९१७ आणि १९१८ ही दोन वर्षे शर्यत झाली नाही, एवढाच काय तो अपवाद. अमेरिकन मोटारउद्योगाला हे शल्य बोचत होते. १९२० मध्ये इंजिनाची क्षमता तीन लिटरपर्यंत मर्यादित करण्यात आली. या नव्या नियमाला धरून लुईने गाड्या तयार केल्या. काही फ्रॉन्टनॅक नावाने, तर काही इंडियानापोलिसच्याच एका कंपनीसाठी मन्रो नावाने उतरल्या. लुई आणि गॅस्टन हे दोघेही भाऊ स्वतः स्पर्धेत होते. लुईची गाडी सुकाणू निकामी झाल्याने निम्म्या वाटेतच थांबली. गॅस्टन मात्र धावत राहिला. संपूर्ण पाचशे मैलांत एकही टायर न बदलता, ताशी सरासरी ८८ मैलांहून अधिक वेगाने त्याने शर्यत जिंकली. अमेरिकेची प्रतिष्ठा राखणारी गाडी एका स्विस कारागिराने घडविली होती आणि ती चालविली होती फ्रान्समध्ये जन्मलेल्या त्याच्या भावाने! स्थलांतरितांना आपल्या देशावरील ओझे समजणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही देशातील असोत, ही घटना लक्षात ठेवावी.

तो आनंद सहा महिनेही टिकला नाही. २५ नोव्हेंबर १९२० रोजी लॉस एंजेलिसजवळ बेव्हर्ली हिल्स येथे फळ्यांच्या धावपट्टीवर वर्षातील अखेरची शर्यत होती. अशा पट्ट्या लाकडी फळ्या उभ्या कडेवर ठोकून, वळणावर उंच उतार देऊन बनवीत. तेथे वेग फार वाढे आणि अपघातही तितकेच भयंकर होत. गॅस्टन आणि एडी ओडॉनेल यांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या. या अपघाताने दोघे चालक आणि ओडॉनेलचा मेकॅनिक अशा तिघांचा बळी घेतला. गॅस्टन अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्या हंगामाचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याला मृत्यूनंतर देण्यात आले.

ज्याला बोटाला धरून या खेळात आणले त्याचाच अंत या खेळात झालेला पाहणे लुईच्या नशिबी आले. यानंतर तो स्पर्धेत चालक म्हणून उतरला नाही. पंधरा वर्षे ज्याच्या हाडांची मोडतोड होऊनही ज्याने चाक सोडले नव्हते, त्याने ते धाकट्या भावासाठी सोडले. परंतु गाड्या घडविण्याचे काम त्याने थांबविले नाही. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, त्याची आठ सिलिंडरांची फ्रॉन्टनॅक इंडियानापोलिसला उतरली. चालक होता टॉमी मिल्टन, ज्याला एकाच डोळ्याने दिसत असे. विसाव्या जागेवरून निघून त्याने ती शर्यत जिंकली. आठ सिलिंडरांच्या गाडीने ही शर्यत जिंकल्याचा तो पहिलाच प्रसंग. लागोपाठ दोन वर्षे लुईच्या हातच्या गाड्या तेथे पहिल्या आल्या.

व्यापारात मात्र दैव त्याच्या बाजूने कधीच उभे राहिले नाही. फ्रॉन्टनॅक नावाने नेहमीच्या वापराची गाडी काढण्याची योजना भांडवलाअभावी फसली. त्यातून त्याने निराळी वाट काढली. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या गावोगाव होत्या. तिच्या इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला असत. त्यामुळे वायू आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा मार्ग वळणाचा होई आणि जेमतेम वीस अश्वशक्तीच मिळे. शेव्हरोले बंधूंनी झडपा वर बसविलेला नवा सिलिंडर-हेड तयार केला. जुना हेड काढून तो बसविला की इंजिनाचा श्वास मोकळा होई आणि तीच गाडी कितीतरी वेगाने पळे. ‘फ्रॉन्टी-फोर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाड्या खेड्यापाड्यांतील मातीच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षे धावल्या. १९२३ च्या इंडियानापोलिस शर्यतीत अशीच एक गाडी पाचवी आली. महागड्या, खास घडविलेल्या यंत्रांच्या पंक्तीत मॉडेल टी इंजिनाची गाडी पाचवी यावी, याचे सर्वांना नवल वाटले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या वाचनालयाची पहिली कपाटे भरत होती, त्या सुमारास हा मनुष्य इंडियानापोलिसमधील कार्यशाळेत हे काम करीत होता. स्वस्त गाडीला आपले नाव देण्यास नकार देणाऱ्या माणसाने सर्वांत स्वस्त गाडीलाच वेग द्यावा, हा योग विचित्र खरा. पण हस्तकौशल्याचा मान कमी-अधिक किमतीवर अवलंबून नसतो, हे कदाचित तोवर त्याला उमगले असेल.

फोर्डने मॉडेल टी बंद केली तेव्हा हाही व्यवसाय आटला. १९२९ च्या सुमारास लुई आणि आर्थर यांनी विमानाची इंजिने बनविण्याचा उद्योग आरंभिला. परंतु दोघा भावांत बेबनाव झाला आणि पाठोपाठ महामंदीची लाट आली. जे काही थोडे साठले होते तेही गेले. १९३४ मध्ये वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्याने डेट्रॉइटला जाऊन नोकरी पत्करली. कोठे? तर जनरल मोटर्सच्या शेव्हरोले शाखेत! ज्या कारखान्याच्या दारावर आपले नाव कोरलेले आहे, त्याच दारातून पगारी नोकर म्हणून रोज आत जाताना त्याला काय वाटत असेल? त्याने ते लिहून ठेवलेले नाही आणि आपण त्याच्या तोंडी शब्द घालू नयेत. त्याच वर्षी त्याचा थोरला मुलगा चार्ल्स मरण पावला. पुढे लुईला मेंदूतील रक्तस्रावाचा विकार जडला, काम सुटले. हवापालटासाठी तो पत्नीसह फ्लोरिडात जाऊन राहिला. परंतु प्रकृती ढासळतच गेली. अखेर एक पाय कापावा लागला. ६ जून १९४१ रोजी त्याने या जगाचा निरोप घेतला. इंडियानापोलिसच्या दफनभूमीत, लाडक्या गॅस्टनच्या सान्निध्यात तो चिरविश्रांती घेत आहे. मधला भाऊ आर्थर यानेही दारिद्र्य आणि निराशेने ग्रासून १९४६ मध्ये स्वतःची जीवनयात्रा संपविली. ज्यांनी लुईच्या नावावर साम्राज्य जिंकले त्या ड्युरंट यांचीही गत फार निराळी झाली नाही. १९२० मध्ये ते दुसऱ्यांदा पदच्युत झाले, १९३६ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले आणि १९४७ मध्ये ते जवळजवळ निर्धन अवस्थेत वारले. नाव विकणारा आणि ते विकत घेणारा, दोघांच्याही हाती शेवटी काही उरले नाही; उरले ते नाव.

ते नाव आपल्या देशातही आले. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला आणि १९२८ च्या डिसेंबरात तेथे जोडलेली पहिली शेव्हरोले गाडी बाहेर पडली. म्हणजे लुई हयात असताना, तो इंडियानापोलिसमध्ये चरितार्थासाठी झगडत असताना, मुंबईच्या रस्त्यांवर त्याच्या नावाच्या, इथल्या कामगारांनी जोडलेल्या गाड्या धावू लागल्या होत्या. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. पुढे २००३ मध्ये हे नाव पुन्हा भारतात आले. आपल्या बडोद्यापासून अगदी जवळ असलेल्या हालोलच्या आणि २००८ पासून पुण्याजवळील तळेगावच्या कारखान्यात या गाड्या बनत. आपल्यापैकी कित्येकांनी त्या चालविल्या असतील, कित्येकांच्या घरातील मुले तेथे नोकरीला असतील. २०१७ मध्ये या गाड्यांची भारतातील विक्री थांबली आणि हालोलचा कारखानाही दुसऱ्या कंपनीकडे गेला. ते नाव आपल्या शेजारी येऊन नांदले आणि निघूनही गेले. तरी ते एका माणसाचे नाव आहे, ही जाणीव आपल्याला क्वचितच झाली.

इंडियानापोलिसच्या धावपट्टीवरील संग्रहालयासमोर लुईचे स्मारक आहे. कंपनीच्या स्थापनेस शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने ला शो-द-फाँ येथेही त्याच्या मुखवट्याचे भव्य धातुशिल्प उभारण्यात आले. नऊ वर्षांचा होण्याआधी ज्याने गाव सोडले त्याला गावाने इतक्या काळाने आपला म्हटले, ही समाधानाची गोष्ट आहे.

लुई शेव्हरोलेचे आयुष्य यशस्वी म्हणावे की अयशस्वी? पैशाच्या तागडीत तोलल्यास ते अयशस्वीच ठरेल. व्यवहार त्याला कधी साधला नाही. तापट स्वभावाने त्याने मित्र दुरावले आणि अखेर भावाशीही त्याचे बिनसले. हे दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु आपण घडविलेली वस्तू उत्तमच असली पाहिजे, या एका निष्ठेशी त्याने कधी तडजोड केली नाही. विटांच्या मैदानावर लागोपाठ दोन वर्षे त्याच्या गाड्या पहिल्या आल्या, त्या वेळी त्यांच्यावर त्याचे नाव नव्हते. काम मात्र त्याचेच होते आणि जाणकारांनी ते ओळखले होते.

आपल्या वाचनालयाच्या शंभर वर्षांतही असे किती हात राबले असतील! कुणी पुस्तकांच्या शिलाई-बांधणीची कामे केली, कुणी दिव्याच्या उजेडात नोंदवह्या लिहिल्या, कुणी पावसाळ्यात गळक्या छताखालून ग्रंथांचे ढीग हलविले. त्यांतील काहींची नावे पाट्यांवर आहेत, बहुतेकांची नाहीत. यापुढे एखाद्या कपाटाशी उभे राहताना त्यावरील नाव सावकाश वाचावे आणि ज्यांचे नाव कोठेच लिहिलेले नाही त्यांचीही आठवण ठेवावी, एवढीच वाचक सभासदांना विनंती.